रुपाला काशी झेपेल का?

खैरपाडा, म्हशाच्या पलीकडे, ता. मुरबाड
३ डिसेंबर २०२३

भग्या,

तुला फोन लावला की वाजत राहतो आणि आपोआप थांबतो. चार वर्षांत तू एकदाही उचलला नाहीस. दिवाळीला पोस्टकार्ड मात्र न चुकता येतं, म्हणजे हात शाबूत आहेत, कान गेले असावेत. म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, चालत्या गाडीत लिहायची सवय लागली, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

काम असं आहे. मी आणि रुपा काशीला यायचं म्हणतो. दोन दिवसांत दर्शन उरकून पळायचं नाही, चांगला दीड महिना राहायचं. होळी घरी करायची नाही, तिकडेच करायची. रुपाची फार वर्षांची इच्छा आहे. तू आईला, तारामावशीला, घेऊन गेलास आणि ती तिथेच गेली, तेव्हापासून आमच्या पाड्यातल्या बायकांना दुसरं मरण पसंतच पडत नाही. कुणी आजारी पडलं की म्हणतात, "भगीरथाच्या आयेसारं व्हाया पायजे. गंगेच्या काठाला डोलं मिटलं, सोनं झालं."

तू तिथल्या धर्मशाळेत खोल्या वाटतोस, मग मी आणखी कुणाला विचारू? खोली मिळेल का? तळमजल्यावरची? गर्दी म्हणतात ती केवढी? म्हशाच्या जत्रेएवढी, की जास्त? माणसाला दीड महिना राहता येतं का तिथे, की नुसती ढकलाढकली? आमचा जगन वाशिंदला कंपनीत आहे, तो म्हणतो, बाबा, नीट चौकशी करून जा. चौकशी करतोय. सगळं खरं लिही.

तुझा,
नामा


काशी
१४ डिसेंबर २०२३

नामा,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तुझं अक्षर अजून खड्ड्यातूनच चाललंय.

खरं लिही म्हणालास म्हणून लिहितो. दोन दिवस या. फार तर तीन. दीड महिना राहण्यासारखं हे गाव नाही. म्हशाची जत्रा पौषात येते आणि उठते, इथली उठतच नाही. देवळाकडे जायच्या गल्ल्या आपल्या गोठ्याच्या दाराएवढ्या, त्यातून माणसं, मोटारसायकली, पालख्या, प्रेतं आणि सांड सगळे एकाच वेळी जातात. रांगेत तीन-चार तास सहज मोडतात. सणावारी मोजायचंच नाही. घाटाच्या पायऱ्या उंच आणि निसरड्या, धरायला काही नाही. माकडं हातातला चष्मा काढून नेतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं की गाड्या दहा-दहा तास उशिरा, आणि होळी झाली की ऊन फोडून काढतं.

ज्याला पहाटे उठून, हलकं पोट ठेवून, आठच्या आत फिरून खोलीवर परतता येतं, ज्याचे गुडघे आणि डोकं दोन्ही धड आहेत, त्याला इथे राहावंसं वाटेल. मलाही एखादी पहाट अशी मिळते की वाटतं, बरं झालं इथे आहे. पण तेवढ्यासाठी तुमच्यासारख्यांनी दीड महिना काढू नये.

तळमजल्यावर खोली नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग.

भगीरथ


खैरपाडा
२६ डिसेंबर २०२३

भग्या,

मित्राला खोली द्यायची नसली तर सरळ तसं लिहावं. माकडं, सांड आणि धुकं मध्ये आणायचं कारण नव्हतं. शाळेत तू माझ्या डब्यातली भाकरी खायचास तेव्हा मी तुला तीन दिवसांची मुदत घातली नव्हती.

रागावलो होतो, म्हणून आठ दिवस पत्र टाकलं नाही. आता तुला न सांगितलेलं सांगतो, मग तूच ठरव.

रुपाला विसरायला होतं. दोन वर्षं झाली. आधी मीठ दोनदा पडायचं, मी हसायचो. मग ती आपल्याच घरातून माहेरी जायला निघायला लागली. माहेरी आता कुणी नाही, घराचा चौथरासुद्धा नाही. फोनमधून कुणाचा आवाज आला की ते माणूस अंगणात आलंय असं समजून बाहेर जाते आणि तिथून कुठेही. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, याच्यावर उपाय नाही, सांभाळायचं. जगनने वाशिंदच्या फ्लॅटवर नेलं होतं. सून बिचारी भली आहे, पण दोघं कामाला जाताना बाहेरून कडी लावावी लागायची. रुपाने दार ठोकून ठोकून हात सुजवून घेतले. पाचव्या दिवशी मी तिला घरी आणलं.

तेव्हापासून मीच अंघोळ घालतो, मीच वेणी घालतो. वेणी वाकडी होते. सदुसष्ट वर्षांचा झालो, भग्या. मला झोप नाही. कधी कधी मी तिच्यावर ओरडतो आणि मग ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी मास्तर आहे आणि तिचा अभ्यास झालेला नाही.

एक मात्र ती विसरत नाही. रोज सकाळी विचारते, "काशीला कवा जायाचा?"

तिथे म्हणे आश्रम असतात. म्हाताऱ्या बायका राहतात, दोन वेळ जेवण, भजन, कुणी ना कुणी बघायला असतं. मरेपर्यंत ठेवतात म्हणे. आपलं सहज विचारून ठेव.

आणि गर्दीचं म्हणशील तर मी एक युक्ती काढली आहे. २५ जानेवारीला म्हशाची जत्रा सुरू होते. रुपाला तिथे नेतो. जत्रेत ती टिकली तर काशीत टिकेल. नवी गाडी पण घाटात चढवून बघतात की, मगच प्रवासी भरतात.

नामा


काशी
६ जानेवारी २०२४

नामा,

वहिनींचं वाचलं. पहिल्या पत्रातच का लिहिलं नाहीस? मी तुला गुडघे आणि डोकं धड असल्याचं सांगत बसलो, त्याची मला लाज वाटते.

जत्रेत नेऊ नकोस. असली परीक्षा घ्यायची नसते.

आश्रमांचं विचारलंस. विचारायला कशाला जाऊ, मला सगळे ठाऊक आहेत. काही चांगले आहेत, माणसं जीव लावतात. काहींत बायका भिंतीला टेकून दिवसभर दाराकडे बघतात. कुणी नवीन आलं की चेहरा उजळतो, आणि आपलं माणूस नाही म्हटल्यावर परत खाली. तिथे दाखल झालेल्या सगळ्या काही स्वतःहून आलेल्या नाहीत. पुष्कळांना पोरांनी यात्रेला म्हणून आणलं होतं.

नामा, आपण पहिलीपासून एका बाकावर बसलो. एक विचारतो, राग मानू नकोस. येताना तिकिटं किती काढणार आहेस?

भगीरथ


खैरपाडा
२८ जानेवारी २०२४

भग्या,

तुझं पत्र जत्रेच्या आधीच मिळालं होतं, तरी मी तिला नेलं. आणि कळवायला आनंद वाटतो की रुपा पास झाली.

सकाळच्या पहिल्या जीपने गेलो. देवाला नारळ फोडला. रुपा इतकी खुशीत होती की मला जुनी रुपा भेटल्यासारखं वाटलं. घोंगड्यांच्या दुकानात तिने लोकर चोळून बघितली आणि दुकानदाराला म्हणाली, "ही धुतली का आटंल, मना नको शिकवू." मी तिथे उभा राहून हसलो, किती दिवसांनी हसलो. दोन पावलं मागे राहून घोंगडी गुंडाळून घेतली, वर बघतो तर रुपा नाही.

पाळण्यांकडे पळालो, देवळाकडे पळालो, लाउडस्पीकरवाल्याला नाव सांगितलं. दीड तास. आणि ती सापडली बैलबाजारात, एका पांढऱ्या बैलाचं दावं हातात धरून बसलेली. शेजारच्या वाडीतला धर्मा बैल विकायला आला होता. ती म्हणत होती, हा आमचा ढवळ्या, सोड. धर्माने वाद घातला नाही. "व्हय वयनी, तुमचाच हाय, धरून बसा," म्हणाला, दावं तिच्या हातात दिलं, चहा पाजला, आणि गिऱ्हाईक सोडून मला शोधायला माणूस धाडला. मी गेलो तर मलाच ओरडली, "कुठं गेल्ता? मी कवाची बैल धरून बसलंय."

म्हणजे बघ, हरवली तरी घाबरली नाही, रडली नाही, एका जागी बसून राहिली. काशीत आणखी काय वेगळं होणार आहे? तिथेही माणसंच असणार.

जगनकडून तिकिटं काढून घेतली. १९ मार्चला कल्याणहून बसायचं. जायची दोन आहेत, खालचे बर्थ. तू एखादा चांगला आश्रम तेवढा बघून ठेव, नुसता बघायला.

नामा


काशी
७ फेब्रुवारी २०२४

नामा,

जायची दोन लिहिलीस. यायचं काहीच लिहिलं नाहीस. मी विचारलं होतं.

आता मी जे लिहितो ते चार वर्षं कुणाला बोललेलो नाही. पूर्ण वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

माझी आई काशीत मेली नाही. निदान मला ठाऊक नाही. ती हरवली.

तिलाही विसरायला होत होतं. पाड्यात मी कळू दिलं नाही, म्हातारपण म्हणून झाकलं. तिचंही रुपावहिनींसारखंच, काशी काशी. मी म्हटलं, चल. कार्तिकी पौर्णिमा होती, घाटावर दिवे लागतात, मुंगीला वाट नसते. ती सकाळपासून एकच विचारत होती, गाडी कवा सुटंल. शंभर वेळा विचारलं असेल. मी शंभर वेळा सांगितलं. तिचा हात माझ्या हातात होता, घामाने चिकट झालेला, आणि ती दर दोन पावलांनी ओढून विचारत होती.

पोलिसांना मी सांगितलं की गर्दीत हात सुटला. सुटला नव्हता, नामा. मी सोडला. टाकून द्यायला नाही, आईशपथ नाही. दोन मिनिटं मोकळं वाटावं म्हणून. भिंतीला टेकून उभी राहा म्हटलं, पाठ फिरवली आणि दिवे बघितले. दोनच मिनिटं. फार बरं वाटलं, हेही लिहितो. वळलो तर भिंतीपाशी दुसरीच माणसं होती.

दहा दिवस दवाखाने, चौक्या, घाट, मसणवटे सगळं पालथं घातलं. अकराव्या दिवशी बहिणीला, सावळीला, शहापूरला फोन केला आणि म्हटलं, आई गेली, इथेच अग्नी दिला, राख गंगेत सोडली. तिला हरवली म्हणून सांगायची माझ्यात धमक नव्हती. तुम्ही सगळ्यांनी म्हटलंत, भाग्याची बाय. मग मी कोणत्या तोंडाने परत येऊ? धर्मशाळेत काम धरलं. दुपारी मोकळा झालो की आश्रम फिरतो. म्हणून मला सगळे ठाऊक आहेत. फोन उचलत नाही, कारण प्रत्येक जण आधी तिचंच बोलतो.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. रुपावहिनी पास झाल्या नाहीत. धर्मा पास झाला. त्याला त्या कोण, कुणाच्या, कुठल्या हे माहीत होतं. माझ्या आईला इथे कुणी विचारलं असेल, माई, घर कहाँ है, तर ती म्हणाली असेल, म्हशाच्या पल्याड. हे इथे कुणाला कळणार? बैल वहिनींचा नाही हे माहीत असून दावं हातात देणारा माणूस तुला काशीत कुठे मिळेल?

आश्रमाचा विचार तुझ्या मनात आला म्हणून मी तुला वाईट म्हणणार नाही. मला तो हक्क नाही. पण ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

सावळीला सांगायचं की नाही ते तू बघ. मला जमलं नाही.

भगीरथ


खैरपाडा
२० फेब्रुवारी २०२४

भगीरथा,

पत्र वाचून मी तसाच शेताच्या बांधावर जाऊन बसलो. तुला शिव्या द्याव्यात असं वाटलं, आणि तुला इथे ओढून आणून जेवायला वाढावं असंही वाटलं. दोन्ही एकदमच.

तिकिटं रद्द केली. आम्ही येत नाही.

तू मला वाईट म्हणणार नाहीस म्हणालास, तर मीच म्हणतो. यायचं तिकीट मी एकच काढलं होतं. जगनला सांगितलं की रुपाचं परतीचं तिकडेच काढू, अजून नक्की नाही. तो बिचारा हो म्हणाला. मी मनाला समजावत होतो की पाड्यात म्हणतील, बायकोला काशीवास घडवला, केवढं पुण्य. मला पुण्य नको होतं, भगीरथा. मला झोप पाहिजे होती. हे मी अजून जगनला सांगितलेलं नाही. या रविवारी सांगणार आहे. त्याला हेही सांगणार आहे की एकट्याला झेपत नाही, त्याने महिन्यातले दोन रविवार इथे येऊन आईला अंघोळ घालायची. मुलाने आईला अंघोळ घातली तर आभाळ कोसळत नाही. धर्माची बायको दुपारी येऊन बसते म्हणाली आहे. मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.

सावळीकडे गेलो होतो. शहापूरच्या एसटीने, रुपाला बरोबर घेऊन. तिला सगळं सांगितलं, हात सोडल्याचंसुद्धा. ते मी गाळलं असतं तर तू पुन्हा खोट्यात राहिला असतास. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "चार वरसं मी जित्या आयेच्या नावानं पान वाढतंय रं नामादादा. कावलाबी शिवायचा." आणि सूप बाजूला ठेवून रडली. मग उठून पेटीतून तारामावशीचा फोटो काढला. ती आणि तिचा धाकटा दीर पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येत आहेत, दोघं शोधायला. तिने निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहितो : "त्याला सांग, मी भांडाया येतंय. पन पलून जाऊ नको म्हनावं."

तेव्हा तळमजल्याची नसली तरी खोली ठेव, आणि फोन उचल.

आता रुपाचं. शहापूरहून परतताना गाडी रिकामी होती. ती खिडकीशी होती. तिने रोजच्यासारखं विचारलं, काशीला कवा जायाचा. मी रोज उद्या म्हणतो. त्या दिवशी उद्या म्हटलं नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, रुपा, मी तुला तिथं ठेवून एकटा परत येणार होतो.

मला वाटलं, ती रडेल. किंवा विसरली असेल. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "येडं का काय? मना थितं ठेवून तुमी येकलं घरी कसं येनार? तुमाला वाट कोन दावील?"

मी तिला म्हटलं, चुकलोच.

नामा